फवारणीची औषधे, आनुवंशिकता व कंपवात

फवारणीच्या वेळी हातमोजे घालावेत, अंग झाकावे, असे ग्रामपातळीवरील कार्यकर्ता सांगू लागला की त्यास एक उत्तर हटकून ऐकावयास मिळते. "आमच्या वडिलांनी तीस वर्षे उघड्या हातांनी औषध कालवले, त्यांना काही झाले नाही." हे उत्तर बहुधा खरे असते, आणि म्हणूनच त्यापुढे कार्यकर्त्याची वाचा बंद होते. परंतु त्याच गावात दुसरा एखादा शेतकरी असा आढळतो, की साठीच्या आसपास त्याचा हात थरथरू लागतो, चाल मंदावते, सदऱ्याची गुंडी लावणे जड जाते. दोघांचे औषध एकाच दुकानातून आलेले, पंप सारखाच, पीकही तेच. मग एकास रोग व्हावा आणि दुसऱ्यास होऊ नये, याचे कारण काय? याचे उत्तर गेल्या काही दशकांच्या संशोधनाने बऱ्याच अंशी दिले आहे. ते समजण्यास शेतकऱ्यास फारसे कठीण पडू नये. कारण त्याचा नमुना तो आपल्या मक्याच्या शेतात दरवर्षी पाहत असतो.

प्रथम रोगाची ओळख करून घेणे इष्ट होईल. जेम्स पार्किन्सन या लंडनमधील डॉक्टरांनी १८१७ साली या रोगाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यावरून त्यास पार्किन्सनचा रोग म्हणतात. आपल्याकडे कंपवात हे नाव रूढ आहे. मेंदूच्या खोल भागात काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि त्याच्या योगाने शरीराच्या हालचाली सुरळीत चालतात. कंपवातात या पेशी हळूहळू मरू लागतात. लक्षणे नजरेस येईपर्यंत निदान निम्म्या पेशी तरी गेलेल्या असतात, असा डॉक्टरांचा अनुभव आहे. म्हणजे रोग दिसतो त्याच्या कितीतरी वर्षे आधी तो सुरू झालेला असतो. मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात कापणे, अंग ताठरणे, पावले घसटत चालणे, अक्षर बारीक होत जाणे, चेहऱ्यावरचे भाव कमी होणे ही त्याची ठळक चिन्हे होत. वास न येणे, जुनाट बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणे व हातपाय झाडणे ही चिन्हे कित्येकदा त्याहून पुष्कळ आधी दिसतात. हात कापणारा प्रत्येक मनुष्य कंपवाताचा रोगी असतो असे मात्र नव्हे. चहाचा पेला उचलताना कापणारा हात बहुधा निराळ्या कारणाने कापत असतो. हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाही, हेही घरच्या माणसांस सांगितले पाहिजे.

साठी ओलांडलेल्या शंभर माणसांत साधारणतः एकास हा रोग होतो. रोग्यांपैकी थोड्यांच्याच घराण्यात तो पूर्वी झालेला असतो. तेव्हा तो निव्वळ आनुवंशिक म्हणावा तर पुरावा अपुरा पडतो. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असलेल्या जुळ्या भावांची तपासणी करून १९९९ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात हे स्पष्ट दिसून आले. एकाच गर्भबीजापासून झालेले जुळे भाऊ म्हणजे एकाच कणसातील बियाणे दोन वाफ्यांत पेरल्याप्रमाणेच होत. रोग पन्नाशीच्या आत झाला असेल तर अशा दोघाही भावांना तो होण्याचे प्रमाण मोठे होते. परंतु पन्नाशीनंतर झालेल्या रोगात एकरूप जुळे आणि साधे जुळे यांच्यात काही फरक आढळला नाही. उतारवयातील कंपवातात बियाण्याइतकाच, किंबहुना अधिक, वाटा वाफ्याचा असला पाहिजे, असा याचा अर्थ होतो.

वाफ्यातील कोणती गोष्ट घातक, याचा पहिला धागा मिळाला तो मात्र शेतीबाहेर. १९८२ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात काही तरुण व्यसनी माणसे अकस्मात पुतळ्यासारखी ताठर होऊन रुग्णालयात आली. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट अमली पदार्थात एमपीटीपी नावाचे द्रव्य भेसळीने उतरले होते. मेंदूत गेल्यावर त्याचे जे विष बनते, त्याने डोपामिनच्या नेमक्या त्याच पेशी मारल्या होत्या. या विषाच्या रेणूची घडण पॅराक्वाट या तणनाशकाशी बरीच मिळतीजुळती असल्याचे ध्यानात आले, आणि संशोधकांची नजर शेतीच्या औषधांकडे वळली. पुढे २००० साली अमेरिकेतील एमोरी विद्यापीठात उंदीरजातीच्या प्राण्यांच्या शरीरात रोटेनोन दीर्घकाळ थोडे थोडे सोडण्यात आले, तेव्हा त्यांच्यात कंपवातासारखीच विकृती निर्माण झाली. रोटेनोन हे डेरिस वेलीच्या मुळांतून निघणारे कीटकनाशक आहे. ते पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या कणांचे काम रोखते. वनस्पतीपासून मिळते म्हणून ते अनेक वर्षे सौम्य मानले जात होते. झाडपाल्याचे औषध म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत किती फसवी असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मक्याचे उदाहरण

आता मक्याकडे वळू. मक्याच्या शेतात ॲट्राझीन फवारले असता तण पिवळे पडून वाळते आणि मका मात्र हिरवागार राहतो. तोच फवारा वाऱ्याने शेजारच्या सोयाबीनवर गेला तर सोयाबीन करपते. औषध दोन्ही पिकांच्या अंगात शिरते. फरक एवढाच, की मक्याच्या पानांत ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज नावाचे एक विकर असते. हे विकर ॲट्राझीनच्या रेणूस दुसरे एक द्रव्य जोडते आणि त्याचा विषारीपणा नाहीसा करते. सोयाबीनजवळ या कामासाठी पुरेसे समर्थ विकर नाही. विशेष म्हणजे मक्याचीही एक शुद्ध ओळ अशी आढळली आहे, की जीत या विकराचे कार्य होत नाही. दिसावयास ती इतर मक्यासारखीच. वाढ, तुरा, कणीस सारे व्यवस्थित. पण ॲट्राझीन फवारले की ती तणाबरोबरच मरते. फवारणी होईपर्यंत तिचा हा दुबळेपणा कोणासही कळण्याचे कारण नसते.

याच कुळातील विकरे माणसाच्या शरीरातही असतात. अन्नातून, श्वासातून किंवा कातडीतून आत आलेली अनेक विषे धुऊन काढण्याचे काम ती करतात. ही विकरे तयार करण्याच्या सूचना ज्या जनुकांत असतात, त्यांची एक प्रत आईकडून व एक प्रत वडिलांकडून येते. काही माणसांत यांपैकी एका जनुकाच्या दोन्ही प्रती मुळातच नसतात. ही माणसे निरोगी असतात. त्यांची ताकद, बुद्धी किंवा आयुष्य यांत काही उणे दिसत नाही. त्या मक्याप्रमाणेच, विशिष्ट विषाशी गाठ पडेपर्यंत त्यांचे वैगुण्य झाकलेलेच राहते.

आयोवा व नॉर्थ कॅरोलिना या अमेरिकेतील दोन राज्यांत परवानाधारक फवारणी करणारे शेतकरी व त्यांच्या पत्नी यांची १९९३ पासून दीर्घकालीन पाहणी चालू झाली. तिच्यातूनच निघालेल्या एका तपासणीचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. पॅराक्वाट वापरलेल्यांत कंपवाताची शक्यता न वापरलेल्यांच्या सुमारे अडीचपट आढळली. रोटेनोनच्या बाबतीतही आकडा जवळजवळ तोच होता. पुढील वर्षी, म्हणजे २०१२ साली, याच लोकांची जनुके तपासून पाहण्यात आली. वर सांगितलेले जनुक शाबूत असलेल्या पुरुषांत पॅराक्वाटमुळे वाढलेली शक्यता दीडपट होती, आणि ती इतकी किरकोळ की योगायोगही म्हणता येईल. ज्यांच्यात ते जनुक नव्हते त्यांच्यात मात्र हाच आकडा अकरापट निघाला. तपासलेल्या लोकांपैकी शेकडा २२ जणांत हे जनुक नव्हते, म्हणजे साधारण पाचांत एकात.

हा अकराचा आकडा डोळे झाकून घेऊ नये. त्या तपासणीत पॅराक्वाट वापरलेले पुरुष अवघे ७३ होते. एवढ्या थोड्या माणसांवरून काढलेला आकडा हलता असतो. संशोधकांनीही तो तीनपासून चव्वेचाळीसपर्यंत कोठेही असू शकेल, असे दाखविले आहे. परंतु तीनपट धरला तरी वडिलांचे उदाहरण देणाऱ्या शेतकऱ्याचा युक्तिवाद ढासळतो. वडिलांना काही झाले नाही, यावरून त्यांचे जनुक शाबूत होते एवढेच कदाचित सिद्ध होईल. मुलास वडिलांकडून निम्मीच जनुके मिळतात. उरलेली निम्मी आईकडून येतात, आणि आईने बहुधा कधी पंप पाठीवर घेतलेलाच नसतो. सुनेची किंवा मजुराची जनुके तर त्या घराण्याची नसतातच.

गोष्ट एकाच जनुकाची नाही. क्लोरपायरिफॉस, डायझिनॉन यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके शरीरात गेल्यावर अधिक जहाल रूप घेतात. ते रूप तोडण्यासाठी रक्तात पॅराऑक्सोनेज नावाचे विकर असते आणि ते सर्वांत सारखे समर्थ नसते. कॅलिफोर्नियातील मध्य खोऱ्यात झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, या विकराचा मंद प्रकार ज्यांच्या वाट्यास आला होता आणि ज्यांच्या परिसरात ही औषधे फवारली जात होती, त्यांच्यात कंपवाताची शक्यता दुपटीहून अधिक आढळली. फ्रान्समधील शेतकऱ्यांत क्लोरीनयुक्त जुन्या कीटकनाशकांच्या बाबतीत, विषे पेशीबाहेर व मेंदूबाहेर लोटणाऱ्या दुसऱ्याच एका जनुकाचा असाच संबंध दिसून आला. फ्रान्स सरकारने तर २०१२ साली, दहा वर्षे कीटकनाशकांशी संबंध आलेल्या शेती कामगारांचा कंपवात हा धंद्यामुळे होणारा रोग असल्याचे मान्य केले.

सर्वांत नेमका प्रयोग मात्र काचेच्या बशीत झाला. इटलीतील एका घराण्यात कंपवात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. आल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात झालेला एका अक्षराएवढा बदल त्याच्या मुळाशी असल्याचे १९९७ साली कळले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात असा बदल असलेल्या रोग्याच्या कातडीच्या पेशींपासून मेंदूतील पेशींसारख्या पेशी वाढविण्यात आल्या. त्यांतील काहींमध्ये ते एक अक्षर दुरुस्त करण्यात आले. बाकी सर्व गोष्टी तंतोतंत सारख्या. दोन वाफ्यांचा याहून चोख प्रयोग कोणत्याही कृषी संशोधन केंद्रावर होणे नाही. दोन्हींवर पॅराक्वाट, मॅनेब व रोटेनोन यांच्या अल्प मात्रा सोडल्या असता सदोष जनुकाच्या पेशी अधिक प्रमाणात मेल्या आणि दुरुस्त केलेल्या पेशी त्यामानाने तगल्या. ज्या मात्रेत एक पेशी तरते, त्याच मात्रेत दुसरी मरते.

असे असले तरी औषधे फवारणाऱ्या प्रत्येकास कंपवात होतो, असा प्रचार कार्यकर्त्याने करू नये. शंभरांत एक हे प्रमाण अडीचपट झाले तरी शंभरांपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणांस तो होत नाहीच. अमेरिकेतील त्याच मोठ्या पाहणीचा २०२० साली जो अहवाल निघाला, त्यात सर्व शेतकरी एकत्र धरले असता पॅराक्वाटचा ठळक संबंध दिसला नाही. बळकट व दुबळे एकाच राशीत मोजले म्हणजे दुबळ्यांचे नुकसान सरासरीत बुडू शकते, हेही येथे ध्यानी घ्यावे. अतिशयोक्तीने एकदा विश्वास उडाला, की पुढील हंगामात खरे सांगितलेलेही कोणी ऐकत नाही.

डब्यावरील त्रिकोण काय सांगतो

औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, हिरवा म्हणजे किंचित विषारी, हे बहुतेक शेतकऱ्यांस ठाऊक असते. परंतु हा त्रिकोण तात्काळ होणाऱ्या विषबाधेचे माप आहे. प्रयोगातील निम्मे प्राणी किती मात्रेने मरतात, यावरून तो ठरतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या हंगामात २० हून अधिक माणसे विषबाधेने दगावली. असा धोका त्रिकोणावरून काही अंशी ओळखता येतो. वीस-पंचवीस वर्षांनी मेंदूत उमटणारा परिणाम त्रिकोण सांगत नाही. फवारणाऱ्याची जनुके कशी आहेत, हे तर तो सांगूच शकत नाही. म्हणून निळा-हिरवा त्रिकोण पाहून हातमोजे काढून ठेवणे ही चूक होय.

स्वतःची जनुके तपासून घ्यावीत काय, असा प्रश्न एखादा शिकलेला शेतकरी विचारील. त्याची जरुरी नाही. या कामी जनुके अनेक आहेत. एक शाबूत निघाले म्हणून दुसरे दुबळे नसेल अशी खात्री नसते. त्यापेक्षा प्रत्येकाने आपण त्या पाचांतील एक आहोत असे धरून चालणे स्वस्त पडते. जन्मतः मिळालेली जनुके बदलता येत नाहीत. अंगावर पडणारे औषध कमी करणे मात्र सर्वस्वी हातचे आहे. त्याचा उपयोग होतो, यासही पुरावा आहे. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन शेतकऱ्यांचीच २०१५ साली प्रसिद्ध झालेली एक तपासणी हातमोज्यांविषयी होती. निम्म्याहून कमी वेळा हातमोजे घालणाऱ्यांत पॅराक्वाट व परमेथ्रिन वापरण्याचा संबंध सुमारे चौपट कंपवाताशी दिसला. नियमाने हातमोजे घालणाऱ्यांत तसा संबंध आढळला नाही.

फवारणीपेक्षाही औषध कालविण्याची वेळ अधिक जोखमीची असते. कारण तेव्हा ते पाणी न मिसळलेले, मूळ तीव्रतेचे असते. झाकणाने माप घेताना बोटांवर ओघळलेले औषध चड्डीस पुसणे आणि हाताने बादली ढवळणे, या दोन सवयी मोडल्या तरी पुष्कळ काम होईल. ढवळण्यास काठी घ्यावी. हातमोजे रबराचे किंवा नायट्राइलचे असावेत. कापडी किंवा चामड्याचे हातमोजे औषध शोषून घेऊन ते कातडीशी दिवसभर धरून ठेवतात, ते न घातलेले बरे. पाठीवरचा पंप झिरपत असेल तर पाठ ओली होते आणि घामाने मोकळी झालेली कातडी औषध आत घेते. म्हणून हंगामापूर्वी पंपाचे वायसर बदलून घ्यावे. नोझल तुंबल्यास तोंडाने फुंकू नये. पॅराक्वाटचा घोटभर अंश पोटात गेला तरी माणूस दगावतो आणि त्यावर उतारा नाही. भाद्रपद-आश्विनाच्या उकाड्यात अंगभर कपडे घालून फवारणे किती कठीण आहे, हे शेतात उभे राहिल्यावाचून कळावयाचे नाही. यास्तव फवारणी सकाळी लवकर उरकण्याचा आग्रह धरावा, हा त्यातल्या त्यात शक्य असलेला उपाय आहे. फवारणीचे कपडे निराळे धुवावेत. ते धुणारी बहुधा घरातील स्त्री असते, आणि तिच्या हातांस मोजे मिळावेत याचा विचार क्वचितच होतो.

डायझिनॉनचा शेतीतील वापर भारतात २०१८ सालच्या आदेशान्वये बंद झाला आहे. पॅराक्वाटवर युरोपीय संघाने २००७ साली आणि केरळ राज्याने २०११ साली बंदी घातली. वापर थांबलेल्या औषधांचे जुने डबे गोठ्यात वा माळ्यावर पडलेले असतात. ते संपवून टाकावेत म्हणून फवारणे योग्य नव्हे.

कोणास वर वर्णिलेली लक्षणे दिसत असतील तर "म्हातारपण आहे" म्हणून स्वस्थ न बसता त्यास मेंदूरोगाच्या डॉक्टरांकडे पाठवावे. लेव्होडोपा या औषधाने हालचाली पुष्कळ सुधारतात. पेशींचा ऱ्हास मात्र त्याने थांबत नाही. खाजकुहिलीच्या बियांत हेच द्रव्य नैसर्गिक रूपात असते, म्हणून बियांची पूड आपल्या मनाने घेणारे रोगी आढळतात. बियांतील प्रमाण सारखे नसते आणि डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबर ती घेतल्यास मात्रा अधिक होते. म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नये.

डॉक्टर रोग्यास विचारतात, कोणती औषधे फवारलीत, किती वर्षे? याचे उत्तर आपल्याकडे सहसा कोणास देता येत नाही. कॅलिफोर्नियात १९७४ पासूनच्या फवारणीच्या सरकारी नोंदी उपलब्ध होत्या. म्हणूनच तेथील संशोधकांस २००९ साली दाखविता आले, की घरापासून ५०० मीटरच्या आत पॅराक्वाट व मॅनेब ही दोन्ही फवारली गेली असल्यास कंपवाताची शक्यता शेकडा ७५ ने वाढते. फवारा न मारणारी, नुसती शेजारी राहणारी माणसेही त्यांत होती. आपल्या गावातील शेतकऱ्यास एक साधी वही पुरे. तीत तारीख, पीक, औषधाचे डब्यावर छापलेले शास्त्रीय नाव, मात्रा व पंपांची संख्या लिहावी, आणि फवारणाऱ्याचे नावही लिहावे. हे शेवटचे बहुधा राहून जाते. कारण वही मालकाची असते आणि पंप मजुराच्या पाठीवर असतो.